आधी उतारा, मग विष

साप स्वतःच्या विषाने का मरत नाही, हा प्रश्न लहानपणी आपण सगळ्यांनीच कोणा ना कोणाला विचारलेला असतो. आणि त्याचं एक बऱ्यापैकी समाधानकारक उत्तरही मिळतं. विष वेगळ्या पिशवीत असतं, वेगळ्या नळीतून दातात येतं, सापाच्या रक्तात ते सहसा मिसळत नाही. झालं. आपण खेळायला पळतो.

हाच प्रश्न जीवाणूच्या बाबतीत विचारला की मात्र इतकं सोपं राहत नाही. कारण जीवाणूकडे वेगळी पिशवी नसते. त्याचं सगळं घर म्हणजे एकच खोली. लांबी एक-दोन मायक्रॉन, म्हणजे मिलीमीटरचा पाचशेवा-हजारावा भाग. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच कोठार, तिथेच घराण्याची सगळी कागदपत्रं म्हणजे डीएनए. त्याला आपल्या पेशीसारखं केंद्रकाचं कपाटसुद्धा नाही. आणि याच खोलीत काही जीवाणू असे एन्झाइम (पाठ्यपुस्तकातला शब्द 'विकर') बाळगतात जे समोर दिसेल तो डीएनए कापून टाकतात.

मग स्वतःचा का कापत नाहीत?

गेले काही महिने मी जमेल तसं या विषयावर वाचतो आहे. मला त्यातून जे वाटलं ते लिहिण्याआधी मुळात काय घडतं ते सांगतो. थोडं शास्त्र आहे, पण आमच्या घरच्या वाचकांनी घाबरून पान बंद करू नये. द्राक्षं, सिंहस्थ आणि आत्या हे तिघंही पुढे येणार आहेत!

जीवाणूंनाही विषाणू होतात. त्यांना बॅक्टेरिओफाज म्हणतात, नुसतं 'फाज' म्हटलं तरी चालतं. फाज जीवाणूच्या अंगावर बसतो आणि आपला डीएनए आत सोडतो. १९५२-५३ च्या सुमारास अमेरिकेत ल्युरिया, बर्टानी वगैरे मंडळींना एक गंमत दिसली. एका जातीच्या जीवाणूत वाढलेला फाज दुसऱ्या जातीत जवळजवळ वाढेचना. हजारो-लाखोंमधला एखादाच वाचायचा. पण तो वाचलेला जो असेल, त्याची पिल्लं मात्र त्या नव्या जातीत मजेत वाढायची. आणि हीच पिल्लं एकदा जुन्या जातीत वाढवून परत आणली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणजे त्यांच्यात कायमचा बदल झालेला नव्हता. त्यांच्यावर फक्त कसला तरी शिक्का बसला होता, आणि तो एका पिढीत पुसलाही जात होता.

हे कोडं स्वित्झर्लंडच्या वेर्नर आर्बर यांनी १९६० नंतरच्या दशकात सोडवलं. जीवाणूकडे दोन गोष्टी असतात. एक कात्री आणि एक शिक्का. उदाहरण घ्यायचं तर ई. कोलायच्या एका वाणात सापडलेलं 'इको-आर-वन' हे एन्झाइम. डीएनएच्या चार अक्षरांच्या लिपीत जिथे जी-ए-ए-टी-टी-सी ही सहा अक्षरं लागोपाठ येतील तिथे ते कापतं. चार अक्षरांच्या लिपीत असा ठरावीक सहा अक्षरी शब्द सरासरी ४०९६ अक्षरांत एकदा येणार. ई. कोलायच्या डीएनएत सुमारे ४६ लाख अक्षरं आहेत. म्हणजे नुसत्या संभाव्यतेच्या हिशोबाने त्याच्या स्वतःच्याच पोथीत कापण्याजोग्या हजारभर जागा निघतात. कात्री मोकाट सुटली तर पोथीच्या चिंध्या.

म्हणून शिक्का. दुसरं एक एन्झाइम त्याच सहा अक्षरी शब्दावर येऊन बसतं आणि त्यातल्या दुसऱ्या 'ए'ला मिथाइलचा छोटासा गट चिकटवतं. एक कार्बन, तीन हायड्रोजन. बस, एवढंच कुंकू! ते असलं की कात्री त्या जागेला हात लावत नाही. फाजचा डीएनए बाहेरून येतो, त्याच्यावर कुंकू नसतं, तो कापला जातो.

मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट पुढे आहे. पेशी दुभंगते तेव्हा डीएनएचे दोन धागे सुटे होतात आणि प्रत्येकासमोर नवा धागा विणला जातो. नव्या धाग्यावर शिक्का नसतो. मग त्या क्षणी धोका नाही का? नाही. कारण समोरच्या जुन्या धाग्यावर शिक्का आहे, आणि दोनपैकी एका धाग्यावर असला तरी कात्री थांबते. तेवढ्या सवडीत शिक्केवाला येऊन नव्यावरही ठसा मारून जातो.

आर्बर, हॅमिल्टन स्मिथ आणि डॅनियल नेथन्स यांना या कामासाठी १९७८ चं नोबेल मिळालं. याच कात्र्या वापरून माणसाने जनुकं कापायला-जोडायला सुरुवात केली. आणि १९८२ पासून जीवाणूंकडून करवून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं. ज्यांच्या घरी फ्रिजच्या दारात इन्सुलिन असतं, त्यांच्या घरी ही कथा रोज उघडझाप होते आहे.

दुसरी तऱ्हा बारनेझची. बॅसिलस अमायलोलिक्वेफेशियन्स (एका श्वासात म्हणून दाखवा!) नावाचा मातीतला जीवाणू आरएनए फाडणारं एन्झाइम बनवतो. तेच बारनेझ. हे तो बाहेर सोडतो, पण चुकून थोडं जरी आत राहिलं तरी खेळ खलास. म्हणून तो बारस्टार नावाचं दुसरं एक प्रथिन आत ठेवतो. ते बारनेझच्या तोंडावर बूच बसावं तसं बसतं. निसर्गात माहीत असलेल्या अतिशय घट्ट जोड्यांपैकी ही एक. शास्त्रज्ञांनी बारनेझचं जनुक दुसऱ्या जीवाणूत घालायचा प्रयत्न केला, तेव्हा सोबत बारस्टारचं जनुक दिल्याशिवाय ते नीट जमेना. विष एकटं दिलं की घेणारा मरतो, इतकं साधं.

आणि तिसरी तऱ्हा थेट आपल्या महाराष्ट्रातली. नाशिककराला एचएएल म्हटलं की ओझरचे विमानवाले आठवतात. पण पुण्याजवळ पिंपरीला दुसरं एचएएल आहे, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला सरकारी कारखाना. पेनिसिलिन तिथे बनू लागलं, पुढे स्ट्रेप्टोमायसिनही. तिथल्याच प्रयोगशाळेत डॉ. थिरुमलाचार यांच्या चमूने बुरशीवरचं हमायसिन हे औषध शोधलं. ते देणाऱ्या जीवाणूचं नाव काय ठेवलं असेल? स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना! आपल्या पिंपरीचं नाव एका जीवाणूला आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? हमायसिन बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉलला जाऊन धरतं. जीवाणूच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नसतंच, म्हणून बनवणाऱ्याला भीती नाही. हत्यार असं की जे आपल्याला लागूच पडत नाही.

स्ट्रेप्टोमायसिनचं तसं नाही. ते जीवाणूंच्या प्रथिनं विणणाऱ्या यंत्रावर, रायबोसोमवर, घाव घालतं. आणि ते बनवणारा स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस स्वतः जीवाणूच आहे. तो काय करतो? त्याच्याकडे एक एन्झाइम आहे जे औषधाला फॉस्फेटची एक गाठ मारून ठेवतं. गाठ मारलेलं औषध निरुपद्रवी. ते पेशीबाहेर गेलं की दुसरं एन्झाइम गाठ सोडवतं. घरात म्यान, रस्त्यावर तलवार.

आता आत्या. आमच्या थोरल्या आत्याला १९६० नंतरच्या दशकात क्षय झाला होता. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं झाली आणि ती वाचली, पुढे चार मुलांची लग्नं तिने केली. पण त्या इंजेक्शनांनंतर तिचा तोल गेला तो गेलाच. अंधारात तिला चालता यायचं नाही. रात्री न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जायची, आणि त्या भिंतीवर तिच्या हाताचा एक लांब मळकट पट्टा उमटलेला होता. दर दिवाळीला चुना व्हायचा, दर होळीपर्यंत पट्टा परत. आम्हा मुलांना वाटायचं ही आत्याची सवय. खरं कारण असं की स्ट्रेप्टोमायसिन आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नाजूक पेशींना इजा करू शकतं. आपल्या पेशींतल्या मायटोकाँड्रियांचे रायबोसोम जीवाणूंच्या रायबोसोमशी बरंच साम्य राखतात, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. ग्रिसियसकडे गाठ मारणारं एन्झाइम होतं. आत्याकडे नव्हतं. आपण मातीतल्या जीवाणूची तलवार उचलली, म्यान तिथेच राहिलं.

मला कोणाला दोष द्यायचा नाही. त्या इंजेक्शनांनी ती जगली, हे सगळ्यांत मोठं. पण या सगळ्या वाचनातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे, आणि तीच आज सांगायची आहे. जीवाणूंच्या या सगळ्या तऱ्हांमध्ये संरक्षण ही नंतर सुचलेली गोष्ट नाही. क्रम ठरलेला आहे: आधी उतारा, मग विष. कात्री-शिक्क्याची जोडी एखाद्या नव्या पेशीत शिरते तेव्हा हे फार स्पष्ट दिसतं. तिथल्या कोऱ्या डीएनएवर शिक्काच नसतो. म्हणून काही जोड्यांमध्ये एक तिसरं, नियंत्रक प्रथिन असतं. ते साठेपर्यंत कात्री तयारच होत नाही. तोवर शिक्केवाला सगळीकडे फिरून येतो. सगळी पोथी शिक्क्याखाली आली की मगच कात्री बाहेर निघते.

आपल्या पुराणात क्रम उलटा आहे, बघा. नाशिकमध्ये सिंहस्थ का भरतो? समुद्रमंथनातल्या अमृताचे थेंब इथे पडले म्हणून. पण त्या मंथनात अमृताच्या आधी हलाहल आलं होतं, आणि देव-दानवांपैकी कोणीही त्याची तजवीज केलेली नव्हती. ऐनवेळी शंकराकडे धावले, त्याने ते घशात धरलं म्हणून निभावलं. आणि भस्मासुर? त्याला हात ठेवील त्याचं भस्म करण्याचा वर मिळाला, पण स्वतःच्या डोक्यासाठी काही शिक्का मागून घ्यायचं सुचलं नाही. मोहिनीने नाचवलं आणि तो संपला. जीवशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर भस्मासुर म्हणजे बारस्टारशिवायचं बारनेझ!

हसण्यावारी नेऊ नका, कारण आपण आजही मंथनवाल्यांच्याच क्रमाने वागतो, असं माझं मत आहे. दोन उदाहरणं देतो.

पहिलं घरचं. माझे मामेभाऊ निफाड तालुक्यात द्राक्षं लावतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरून घडाचे डोळे चांगले तयार व्हावेत म्हणून सीसीसी नावाचं वाढरोधक मारायची पद्धत होती. पूर्ण नाव क्लोरमेक्वाट क्लोराईड. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत याचे अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडले. माल अडकला, भाव कोसळले, नाशिकच्या किती बागायतदारांनी त्या वर्षी कर्ज उचललं ते ज्याचं त्याला माहीत. आणि कळलं काय, तर निर्यातीआधी ज्या रसायनांची तपासणी होत होती त्यांच्या यादीत हे रसायन नव्हतंच. वर्षानुवर्षं मारलं जात होतं, सगळ्यांना माहीत होतं, दुकानात उघड मिळत होतं, पण तपासणीच्या यादीत नव्हतं. नंतर ते यादीत आलं. नंतर!

दुसरं उदाहरण सांगताना हात थांबतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात दाखल झाले. पुरुषभर उंचीची कपाशी, त्यात अंगावर उडणारा फवारा, अंगात साधा सदरा, तोंडाला फार तर रुमाल. औषधाची बाटली प्रत्येक गावात पोचली होती. हातमोजे आणि मास्क पोचले नव्हते. नंतर वाटले गेले. पुन्हा तेच, नंतर.

इथे कोणी म्हणेल की साहेब, निसर्गाकडून नीती शिकायची नसते. मान्य. जीवाणू काही दूरदर्शी वगैरे नाही. ज्यांनी आधी कात्री आणि मग शिक्का असा क्रम लावला ते सगळे तिथल्या तिथे मेले, त्यांची वंशावळ उरली नाही. जे उरले ते आपल्याला शहाणे वाटतात. म्हणजे तो क्रम अगणित मरणांच्या किमतीवर ठरला आहे. पण माझा मुद्दा नेमका इथेच आहे. आपल्याला तीच किंमत पुन्हा मोजायची गरज नाही, कारण आपल्याला वाचता येतं. यवतमाळला जे झालं ते घडल्यावर शिकणं म्हणजे जीवाणूच्या पद्धतीने शिकणं झालं. माणसाच्या पद्धतीने शिकणं वेगळं असायला हवं.

दुसरी शंका जास्त गंभीर आहे, आणि ती मला स्वतःलाच पडली. उतारा नेहमी चांगलाच असतो का? तर नाही. १९८३ साली दोन जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की ई. कोलायमधला 'एफ' नावाचा डीएनएचा एक सुटा गोल तुकडा स्वतःबरोबर एक विष आणि एक उतारा बाळगतो. विष टिकाऊ, उतारा मात्र लवकर नासणारा. पेशी दुभंगताना एखाद्या लेकीला हा तुकडा मिळाला नाही, तर तिच्यात आईकडचं विष उरतं, नवा उतारा तयार होत नाही, आणि ती मरते किंवा तिची वाढ खुंटते. म्हणजे तुकडा पेशीला म्हणतो, मला सोडलंस तर मेलीस. कात्री-शिक्क्याच्या काही जोड्याही हेच करतात, हे १९९५ साली जपानच्या कोबायाशी यांच्या गटाने दाखवलं. हे संरक्षण नाही, ही खंडणी आहे. एकाच दुकानातून आधी दुखणं आणि मग त्यावरचं औषध घेत राहणारा शेतकरी मला इथे दिसतो.

शिवाय उतारा गावभर फिरतोही. रुग्णालयांतल्या जंतूंनी औषधांना दाद न देणं यामागची बरीच जनुकं मुळात मातीतल्या औषध बनवणाऱ्या जीवाणूंच्या स्वसंरक्षणातून आली असावीत, ही कल्पना १९७३ पासून मांडली जाते आहे. ग्रिसियसने स्वतःच्या घरासाठी बनवलेली गाठ, तसल्याच गाठी क्षयाखेरीजच्या कितीतरी जंतूंच्या हाती आहेत.

म्हणून 'उतारा असला की झालं' एवढं म्हणून भागत नाही. तो कोणाच्या हातात आहे हेही बघावं लागतं. मोहरीचं बघा. दिल्ली विद्यापीठात डॉ. दीपक पेंटल यांच्या गटाने केलेल्या डीएमएच-११ या संकरित मोहरीत हीच बारनेझ-बारस्टारची जोडी आहे. एका वाणात बारनेझ परागकण होऊ देत नाही, दुसऱ्यातला बारस्टार संकरात ते परत आणतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिला पर्यावरणीय परवानगी मिळाली, आणि २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं त्यावर वेगवेगळी पडली. मला त्या मोहरीची भीती वाटत नाही. तिच्यात निदान विषाबरोबर उतारा पहिल्या दिवसापासून लिहिलेला आहे. मला विचारायचं आहे ते तिच्याभोवतीच्या व्यवस्थेचं. बियाणं दरवर्षी कोणाकडून घ्यायचं, तपासणीची यादी कोणी केली, आणि ती पेरणीच्या आधी झाली की नंतर. हे प्रश्न तंत्रज्ञानाला विरोध करणारे नाहीत. तंत्रज्ञान ज्या जीवाणूकडून उसनं घेतलं, त्याच्याच घरातले हे नियम आहेत.

मग करायचं काय? मी काही धोरणं ठरवणारा माणूस नाही. पण कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. आतल्या पत्रकात उतारा कोणता तेही छापलेलं असतं, पण इतक्या बारीक टाइपात की चष्म्यावर भिंग लावावं लागेल. माझं म्हणणं इतकंच, की लाल-पिवळ्या त्रिकोणाचा डबा दुकानातून हातमोजे, मास्क आणि मोठ्या अक्षरातल्या मराठी कागदाशिवाय बाहेर पडताच कामा नये. त्यांची किंमत डब्याच्या किमतीतच धरा. आणि जे रसायन तालुक्याच्या दुकानात विकायला आहे, ते तपासणीच्या यादीत त्याच दिवसापासून असलं पाहिजे. खर्च वाढेल, हे मला कळतं. जीवाणूलाही शिक्केवाला पोसायचा खर्च पिढ्यान् पिढ्या पडतोच की. तो कात्रीचाच खर्च आहे, वेगळा नाही.

मामेभावाला हे फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "दादा, हातमोजे घालून उन्हात दोन तास पंप चालवून बघ, मग लिही." त्याचंही बरोबर आहे. आपल्याकडच्या उन्हात घालता येतील असे हातमोजे, असा अंगरखा कोणी बनवला आहे का? कोणाच्या पाहण्यात असेल तर जरूर कळवा. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर त्याच्याकडे फवारण्या सुरू होतील, त्याच्या आत मिळालं तर बरं.